आरती अकरा मिनिटं लेट

आमच्या शेजारचे वसंतराव कंट्रोलर देवाच्या आरतीला लेट मार्क देतात. थट्टा नाही, खरं सांगते. शेंदूरजनाघाटच्या जवळ त्यांचं गाव आहे. तिथल्या विठ्ठल मंदिरातली संध्याकाळची आरती रोज मोबाईलवर लाइव्ह दिसते, आणि इथे अकोल्यात बसून काकाजी चॅटमध्ये लिहितात, "भाविकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. सात वाजताची आरती सात वाजून तीन मिनिटांनी सुटली आहे. तीन मिनिटे लेट. नोंद घ्यावी."

सगळी नोकरी एसटीत झाली, वाहतूक नियंत्रक म्हणून. शेवटची बारा वर्षं अकोल्याच्या स्टँडवर माईकसमोर. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, नाहीतर कॉलनीच्या राजकारणात पडतात. काकाजींनी माईक सोडला, पण माईकनं काकाजींना सोडलं नाही. चहाला उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारतात, चहा कुठपर्यंत पोचला. एकादशीला विचारतात, आज जेवणाची फेरी रद्द आहे का. शकुंतलाकाकी त्यांच्याकडे न बघता उत्तर देते, की फेरी सुरू आहे पण कंडक्टर रजेवर आहे, ज्याचं त्यानं वाढून घ्यावं.

त्यांचा नियम एकच. गाडी कोणासाठी थांबत नसते. एकदा खुद्द त्यांचे सासरे, म्हणजे काकीचे वडील, दर्यापूरच्या गाडीत एक पाय ठेवून दुसरा उचलत होते, तेवढ्यात काकाजींनी वेळ झाली म्हणून गाडी सोडायला लावली. सासरे पुढच्या गाडीनं गेले. काकी ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सांगते आणि प्रत्येक वेळी सासऱ्यांचा उचललेला पाय कोणता होता तेही सांगते.

आरतीला बसायची त्यांची तऱ्हा पाहण्यासारखी असते. डोक्यावर टोपी, शर्टाची वरची गुंडी लावलेली, मनगटावर चावीचं घड्याळ. सोफा असून लाकडी खुर्चीवर बसणार, कारण ड्युटीवर सोफा नसतो. समोर टीव्हीवर देव, हातात मोबाईलवर चॅट. आता हा मोबाईल टीव्हीपेक्षा वीस सेकंद मागे. म्हणजे टीव्हीवर कापूर विझला तरी मोबाईलवर पुजारी अजून काडेपेटी शोधून राहिलेला असतो. खरी वेळ कोणती धरायची, यावर काकाजींनी माझ्याशी तीन दिवस चर्चा केली. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट आहे, त्यामुळे मोबाईलमधलं मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. शेवटी मीच वैतागून म्हटलं, देवाला कोणतीही चालते. तेव्हा ते म्हणाले, "देवाले चालते वो पोरी. रेकॉर्डले चालत नाही."

आणि ते चॅट. काय सांगू बापा. आरती सुरू व्हायच्या आधीच "पहिली कमेंट माझी" म्हणून दोघांची जुंपलेली असते. पुण्याची एक बाई रोज लिहिते की आवाज येत नाही, आणि रोज कोणीतरी तिला सांगतं की ताई, तुमचाच फोन मुका आहे. एक जण आरती संपेपर्यंत नुसते जोडलेले हात पाठवत राहतो, त्याचे खरे हात मोबाईलवर अडकलेले असतात. शेंदूरजनाघाटचा एक नर्सरीवाला ऐन आरतीत लिहितो, "संत्र्याची खात्रीची कलमे मिळतील, फोन करा, जय हरी." कुणी म्हणतं ही आरती दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभ वार्ता येईल. आता आरतीच संध्याकाळची, वार्ता येणार कधी? मी पण काही धुतल्या तांदळासारखी नाही. एका हातानं पोळ्या लाटताना दुसऱ्या हाताच्या करंगळीनं मी देवाला लाईक दिलेलं आहे, आणि मोबाईलच्या काचेवर कणीक सुकल्यावर देवालाच दोष दिलेला आहे.

या गर्दीत काकाजी जाऊन बसले आणि चॅटचा स्टँड केला. "दर्यापूरहून आलेल्या ताईंचे स्वागत, जागा धरून बसावे." "कलमेवाल्यांनी फलाटावर विक्री करू नये." लोकांना आधी राग आला, मग सवय झाली, मग गंमत वाटायला लागली. एखाद्या दिवशी लेट मार्क पडला नाही की लोक विचारायचे, कंट्रोलर साहेबांची तब्येत बरी आहे ना.

हे लाइव्ह करतो गजू. गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि संध्याकाळी तो देवळात कॅमेरा लावतो. त्याची एक पद्धत आहे. आरतीच्या आधी तो चॅटमधली नावं देवळातल्या माईकवर वाचून दाखवतो, म्हणजे परगावी गेलेल्यांचा नमस्कार देवापर्यंतच नाही, तर देवळात बसलेल्यांपर्यंतही पोचतो. रोज तो म्हणतो, "अकोल्याहून वसंतराव कंट्रोलर यांचा नमस्कार." हे नाव ऐकलं की काकाजी खुर्चीत ताठ होत.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. आरती पाहताना काकाजींची मान कायम डावीकडे कललेली. देव मधोमध उभा, आणि हे पाहणार टीव्हीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. मला वाटलं मान आखडली. मी बाम नेऊन दिला. काकीनं तो मुकाट्यानं फळीवर ठेवला. तिथे आधीच दोन बाम होते. एकदा काकी टीव्हीसमोर निरांजन ओवाळायला उभी राहिली, तर काकाजी कधी नव्हे ते तिच्यावर खेकसले, की डावी बाजू सोडून ओवाळ. काकी दोन पावलं उजवीकडे सरकली.

मागच्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी वर्गणी काढून गजूला नवीन कॅमेरा घेऊन दिला. गजूनं हौसेनं देव जवळ घेतला. आता पडदाभर नुसता विठ्ठल. कपाळावरच्या गंधाची रेघन् रेघ दिसायची. सगळं चॅट धन्य झालं. पुण्याच्या बाईनं लिहिलं, आवाज नसला तरी चालेल. आणि त्याच मिनिटाला काकाजींची कमेंट पडली.

"देव फार जवळ आला आहे. देव मागे घ्यावा. नोंद घ्यावी."

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. देव म्हणजे काय बस आहे का रिव्हर्स घ्यायला, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं जाहीर केलं की हा माणूस नास्तिक आहे. नागपूरच्या एका गृहस्थानं संस्कृतीवर तीन परिच्छेद लिहिले, ते वाचता वाचता लोकांची आरती हुकली. ज्यांनी जन्मात घरच्या देवाला फूल वाहिलं नसेल तेही काकाजींना भक्ती शिकवायला आले. कलमेवाल्यानं गर्दी पाहून चारदा जाहिरात टाकली. काकाजी मात्र हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मंदिराच्या कमिटीनं गजूला सांगून त्यांना ब्लॉक केलं.

आयुष्यभर दुसऱ्यांना रांगेत उभं करणाऱ्या माणसाला कोणी स्टँडच्या बाहेर काढावं, तसं झालं त्यांचं. टोपी घालून खुर्चीवर बसायचे, पण टीव्हीवर देव आला की तोंड फिरवायचे. मला राग आला, खरंच सांगते. एवढा साक्षात देव दिसून राहिला आणि या माणसाला तक्रार सुचते, असं मी काकीला बोलूनही दाखवलं. काकी तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "त्यायले देव पाह्यचाच नाही वो." आणि पुढची शेंग हातात घेतली.

दोन दिवसांनी काकाजींनी मोबाईल आणून दिला. जागा संपली असं दाखवते, फालतू असेल ते काढून टाक म्हणाले आणि भाजी आणायला गेले. मी फोटो उघडले. शेकडो फोटो, आणि सगळे एकसारखे. आरतीच्या लाइव्हचा रोज एक फोटो काढून ठेवलेला. फोटोत देव नव्हता. देवळाचा डावा खांब होता आणि खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी, पाठमोरी, डोक्यावर पांढरा पदर. मी खाली खाली जात राहिले. तीन वर्षांचे उन्हाळे, पावसाळे. कधी खांद्यावर शाल, कधी बाजूला छत्री, आणि अलीकडच्या फोटोंत एक काठी.

ही कोण, असं मी काकीला विचारलं. काकीनं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"नणंद आहे माही. गोदाबाई. सा वर्सं झाले, बोलत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. काकाजी चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. गोदाबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, तिनंच त्यांना वाढवलं. काकाजी वरूडला शाळेत जायचे, तेव्हा फाट्यावर सकाळी एकच गाडी यायची. काकाजींना रोज उशीर. हो, यांना! गोदाबाई पुढे पळत जायची आणि गाडीसमोर रस्त्यात हात पसरून उभी राहायची. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, कंडक्टर घंटी मारायचा, ती हलायची नाही. म्हणायची, माहा भाऊ येऊन राहिला. मागून हे एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात दप्तर घेऊन धावत यायचे. लग्न होऊन ती गावातच राहिली, म्हणून यांची शाळा पूर्ण झाली.

आणि मग काकाजींच्या मुलाचं लग्न. अमरावतीचं कार्यालय, पत्रिकेत मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. आता आमच्या वऱ्हाडात पत्रिकेतला मुहूर्त हा छापायसाठी असतो. बारा वीस म्हणजे दोनला बँड येतो, तीनला नवरदेव, आणि साडेतीनला कोणीतरी भटजींना शोधायला जातं. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण काकाजींनी ठरवलं, कंट्रोलरच्या पोराचं लग्न लेट होणार नाही. बरोबर बारा वीसला त्यांनी मंगलाष्टकं सुरू करायला लावली. नवरीकडचे अर्धे लोक पोह्यांच्या प्लेटी घेऊन उभे. बँडवाले गेटबाहेर चहा पिऊन राहिलेले. नवरदेवाला बहीण नाही, म्हणून त्याच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचा मान आत्याचा. आत्या अमरावतीच्या वेशीपर्यंत आली होती. काकीनं हात जोडले, दहा मिनिटं थांबा म्हणाली. काकाजी म्हणाले, गाडी कोणासाठी थांबत नसते. आणि तो दिवा ऐन वेळी कार्यालयाच्या मॅनेजरच्या बायकोच्या हातात दिला.

गोदाबाई बारा एक्केचाळीसला आली. नवं लुगडं नेसून, हातात भाच्यासाठी आणलेला आहेर. खाली पडलेल्या अक्षता तिनं पाहिल्या. आहेर दाराशी ठेवला आणि आल्या गाडीनं परत गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

त्यानंतर काकाजींनी फोन केले, ती उचलायची नाही. एकदा स्वतः गेले, तर तिनं दार लोटून घेतलं. तेव्हापासून हे गावाला गेले नाहीत. मग गजूचं लाइव्ह सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी डाव्या खांबापाशी ती दिसली. काकी म्हणाली, "तवापासून हे भक्त झाले."

मी फोटो एकही काढला नाही. माझ्या स्वतःच्या मोबाईलवरून गजूला फोन लावला. नंबर व्हिडिओखालीच असतो. झालं ते सगळं सांगितलं. 

"मले काय माहीत हो ताई," तो म्हणाला. "मी तं रोज त्यायचं नाव माईकवर घेतो. गोदाबाई तिथंच बसून राहते. नाव घेतलं का डोक्यावरचा पदर सारखा करते. मले वाटे सवय असंन."

दुसऱ्या दिवशी देव मागे गेला. कमिटीला गजूनं सांगितलं की नवीन कॅमेऱ्याला जवळून ताण पडतो, आणि कमिटीला ते पटलं. काकाजींचा ब्लॉकही निघाला. पदराची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. जीभ नुसती वळवळत होती, पण काकी म्हणाली, सांगू नको, नाहीतर पदराचीही वेळ लिहून ठेवतील. पण मी पाहिलं. गजूनं अकोल्याचं नाव घेतलं आणि खांबापाशी एक हात वर गेला, पदर कपाळावर ओढून खाली आला. काकाजी त्या वेळी मोबाईलवर लेट मार्क टाईप करत होते. तीन वर्षं रोज त्यांनी ते हुकवलं असणार.

दोन आठवडे सगळं वेळेवर चाललं. मग एका सोमवारी खांब रिकामा दिसला. त्या दिवशी आरती पाच मिनिटं लेट सुटली आणि काकाजींनी चॅटमध्ये काही लिहिलं नाही. मंगळवारी सातला दहा कमी असताना काकीनं भिंतीवरून हाक मारली. मी गेले तर काकाजी खुर्चीत नव्हते. टीव्हीपासून एक हातावर उभे होते, आणि खांब आजही रिकामा होता. देवळात लोक जमले होते, पुजाऱ्यानं निरांजन लावायला घेतलं होतं. काकाजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. 

"लिही पोरी," ते म्हणाले, आणि माईकवर बोलावं तसं सांगायला लागले. भाविकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. सात वाजताची आरती थांबवावी. एवढं बोलून ते अडकले. मग म्हणाले, "एक प्रवासी यायचा आहे."

मी लिहिलं. पुढे नोंद घ्यावी लिहू का, असं विचारलं. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. "लिही, हात जोडतो."

अर्ध्या मिनिटानं गजूचा आवाज आला. त्यानं ती कमेंट माईकवर जशीच्या तशी वाचली, हात जोडतो धरून. मग त्यानं पुजाऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि देवळाबाहेर गेला. सात वाजले. पुजारी निरांजन घेऊन तसाच उभा. सात वाजून चार मिनिटं झाली. चॅटमध्ये लोक चिडले. एकीच्या कुकरच्या चार शिट्या झाल्या होत्या, एकाची सीरियल सुरू होणार होती, नागपूरच्या गृहस्थांना देवाला ताटकळत ठेवणं हे पाप वाटत होतं. काकाजी घड्याळाकडे बघत नव्हते. मी बघत होते. सात अकराला पडद्याच्या डाव्या बाजूनं आधी काठी आली, मग गजूचा हात, मग पांढरा पदर.

ती खांबापाशी बसली नाही. उभ्यानंच तिनं काहीतरी विचारलं. गजूनं माईक तिच्यापुढे धरला आणि सांगितलं, आरती अकोल्याच्या वसंतराव कंट्रोलरांनी थांबवली. तिला कॅमेरा कुठे आहे ते कळलं नाही. ती स्पीकरच्या डब्याकडे तोंड करून बोलली.

"वसंत्या, मी मेली नाही. गुडघा सुजला होता." जरा दम घेतला. "थांबवता येते नं तुले? मंग तवा काहून नाही थांबवली?"

 चॅट चूप झालं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"तिकडून माईकवर काय बोलतं? येनं असंन तं ये. सकाळच्या गाडीनं ये. मी फाट्यावर उभी राहीन."

आणि काठी टेकत खाली बसली. आरती सुरू झाली. दर्यापूरच्या ताईनं लिहिलं, कंट्रोलर साहेब, आज अकरा मिनिटं, नोंद घ्या. काकाजी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आणि तो काही पुसून होईना. काकीनं फळीवरचे तिन्ही बाम उचलले आणि पिशवीत टाकले. म्हणाली, बाईच्या गुडघ्याले होतील.

पहाटेची पहिली गाडी साडेपाचची होती. काकाजी पावणेचारलाच स्टँडवर जाऊन बसले. काकी सोबत गेली होती, ती सांगते, अमरावतीला बदललेली गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली आणि ते एक शब्द बोलले नाहीत. फाट्यावर गाडी पोचली तेव्हा रस्त्याच्या मधोमध काठी टेकून गोदाबाई उभी होती. एक हात पसरलेला. ड्रायव्हरनं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि म्हातारीकडे पाहून मिटलं.

त्या संध्याकाळी मी पोळ्या आधी करून ठेवल्या आणि हात धुऊन मोबाईलसमोर बसले. गजूनं कॅमेरा जरा जास्तच डावीकडे घेतला होता, देवाचा डावा हात कोपरापासून कापला गेला होता, आणि त्यावरून चॅटमध्ये जुंपली होती. खांबापाशी दोन पाठी होत्या, एकीवर पदर, एकीवर टोपी. सात वाजून गेले तरी पुजारी आला नव्हता. टोपीवाल्यानं सवयीनं मनगट वर उचललं, घड्याळ पाहायला. गोदाबाईनं तो हात धरून खाली मांडीवर ठेवला, आणि आरती संपेपर्यंत सोडला नाही.